व्हेरोनाचं मशीन

इंग्लंडहून आलेल्या पिंपाचा वास घरात शिरला की आयसिल्डाला मळमळायचं. साबण, बिस्किटं आणि डांबरगोळ्या, सगळं एकत्र. धाकटी बहीण व्हेरोना बर्मिंगहॅमला जाऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि दर नाताळाला तिने वस्तू भरून पाठवलेलं पिंप जमैकात मँडेव्हिलच्या घरी येऊन पडायचं. त्यात इस्त्री, टोस्टर, किटली, काय काय. सगळ्यांच्या प्लगला तीन जाड चौकोनी दांड्या. जमैकातल्या भिंतीला दोन चपट्या फटी, आणि त्यांतून येणारी वीज इंग्लंडच्या निम्म्या दाबाची. प्लग कापून दुसरा बसवला तरी इस्त्री कोमटच राही.

तरी आई, म्हणजे मिस ओरिंथा, त्या वस्तू काचेच्या कपाटात मांडून आल्यागेल्याला दाखवायची. आयसिल्डा कोळशाच्या इस्त्रीने तिचा चर्चचा झगा कडक करायची आणि आई शेजारणीला सांगायची, "व्हेरोनाच्या इस्त्रीची सर कशाला नाही बाई." आईचं अंग पुसणारी, तिची थुंकी उचलणारी आयसिल्डा हे ऐकायची. तिला त्या कपाटाची शिसारी आली होती.

मग आईचा दमा वाढला आणि व्हेरोनाने औषधाची वाफ ओढायचं मशीन पाठवलं. गावातला वायरमन हॉपटन याने वीज दुप्पट करणारा एक ट्रान्सफॉर्मर आणून दिला. "मिस आयसी, हा एवढ्या मशीनपुरताच आहे. दुसरं काही लावू नका," असं त्याने बजावलं. आठवडाभर आई सुखाने श्वास घेत होती.

रविवारी पास्टर चहाला आले. त्यांचा चहा व्हेरोनाच्या किटलीतच व्हायला हवा म्हणून आई हटून बसली. आयसिल्डाने परोपरीने सांगितलं. शेवटी ती अंगणातून आलं आणायला गेली, तेवढ्यात आईने स्वतः उठून किटली त्या ट्रान्सफॉर्मरला लावली. भस्सकन धूर निघाला. पास्टर खोकत बाहेर पळाले आणि आईने खापर फोडलं हॉपटनवर. "त्याचा डबा पुन्हा घरात आला तर याद राख."

त्यानंतर मशीन प्लग बदलून थेट भिंतीला. ते नुसतं घुरघुरायचं, वाफ म्हणून नाही. आणि आई मास्क लावून ऐटीत बसायची, ओठ निळे पडलेले. आयसिल्डाने बहिणीला फोन केला. व्हेरोना म्हणाली, "तुम्हाला तिकडे कुठलीच वस्तू नीट वापरता येत नाही."

आयसिल्डाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने आपल्या दोन शेळ्या विकल्या आणि औषधाच्या दुकानातून इथल्या विजेवर चालणारं मशीन आणलं.

आईने खोकं न उघडताच ते हाताने ढकललं. "असला गावठी कचरा मी तोंडाला लावायची नाही. चायनाचा माल."

आयसिल्डाने व्हेरोनाचं मशीन उलटं करून दाखवलं. तळाला तेच लिहिलं होतं.

"इंग्लंडात मिळणारा चायना वेगळा," आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. एकेक श्वास शिट्टी मारत होता. आयसिल्डा नवं मशीन घेऊन स्वयंपाकघरात गेली. ते खोक्यातून काढलं, दुकानाची चिठ्ठी नखाने खरवडली, पिंपातल्या इंग्रजी वर्तमानपत्रात ते गुंडाळलं, वर चार डांबरगोळ्या टाकल्या आणि बाहेर आली. हे करताना तिला स्वतःचीच किळस वाटली.

"ममा, व्हेरोनाने एका येणाऱ्याबरोबर दुसरं पाठवलंय. खास आपल्या विजेचं."

आईने कागद हुंगला. मग निमूटपणे तोंड पुढे केलं.

मशीन चालू झालं आणि मास्कमध्ये पांढरी वाफ दाटली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शिट्टी थांबली. ओठांवर रंग आला. आयसिल्डाने कितीतरी दिवसांनी खांदे सैल सोडले.

आईने मास्क बाजूला केला. "बघ. इतक्या लांब राहून त्या पोरीला माझी काळजी. तू जन्मभर याच घरात आहेस, काय केलंस माझ्यासाठी?"

"बोलू नकोस ममा, ओढ," आयसिल्डा म्हणाली. तिने मास्क पुन्हा आईच्या तोंडावर बसवला आणि त्याचं इलॅस्टिक गरजेपेक्षा जरा जास्तच घट्ट ओढलं.