डाव्या हाताची अडखळ

समोरचा माणूस हसला, की त्याच्या तोंडातलं जन्माचं किती आणि नंतर बसवलेलं किती, हे कवळीवाल्याला लगेच कळायचं. कळलं तरी तो बोलायचा नाही. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर तो मेणाची कड चढवायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग गुलाबी हिरडी, मग घासणं, मग चकाकी. उभी हयात यात गेली. लोक नवे दात घालून दंतवैद्याचे आभार मानतात. ते दात कुणीतरी एका इमारतीच्या तळघरात, दिव्याखाली मान मोडून बसवलेत, हे त्यांच्या गावीही नसतं. याचं कवळीवाल्याला फारसं वाईट वाटत नसे. त्याला गर्व होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तो ड्रम वाजवायचा, आणि त्याचा ठोका कधी इकडचा तिकडे व्हायचा नाही. तरुणपणापासून ज्यांच्याबरोबर वाजवलं ते सगळे त्याला 'घड्याळ' म्हणायचे, काही कौतुकानं आणि काही वैतागून.

त्याच्या बँडमध्ये आणखी दोघे होते. एक शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर. तो गिटार वाजवायचा आणि गायचा, म्हणजे निदान त्याला तो गाणं म्हणायचा. दुसरा वायरमन, तो बेस वाजवायचा आणि दिवसभरात मोजकं बोलायचा. तिघांची पन्नाशी उलटलेली. तिघांच्याही घरी हा नाद केव्हाच पचवला गेला होता. दारूपेक्षा बरा, एवढंच त्याचं कौतुक.

अल्बम त्यांनी कवळ्यांच्या त्या तळघरातच केला. तिथल्या मालकानं रविवारपुरती किल्ली दिली होती. मास्तरच्या डोक्यात असं भरलं होतं, की नुसती वाद्यं वाजवून आता कुणाला काही वाटत नाही, खोलीच वाजली पाहिजे. मग ओल्या प्लास्टरमधले बुडबुडे काढायचं ते थरथरणारं टेबल चालू करून त्याला माइक चिकटवला. घासायच्या चाकाची किंचाळी घेतली. टाकाऊ कवळ्या स्टीलच्या भांड्यात ओतल्याचा आवाज घेतला. आणि या सगळ्या गोंधळाच्या मध्ये कवळीवाल्याचे ड्रम, एखाद्या खांबासारखे. नाव ठेवलं 'कच्चा साचा'. कवळीवाल्याच्या बायकोला ऐकवलं, तेव्हा तिनं यात गाणं कुठं आहे असं विचारलं. मास्तर म्हणाला, वहिनी, ते ऐकणाऱ्यानं शोधायचं. मग ऐकणाऱ्यालाच मजुरी द्या, असं म्हणून ती आपल्या शिलाईयंत्राकडे वळली. ती पडदे शिवायची आणि तिची शिवण काठीसारखी सरळ असायची.

एक गोष्ट मात्र त्या रेकॉर्डिंगमध्ये झाली. तिसऱ्या गाण्यापासून कवळीवाल्याचा डावा हात मागे राहायला लागला. उजवा हात आणि पाय वेळेवर, पण डाव्याचा ठोका किंचित उशिरा, जसा कुणी दारात येऊन क्षणभर थबकतो आणि मग आत येतो. घड्याळाला स्वतःचीच शरम वाटली. पुन्हा वाजवतो, म्हणाला.

"हात लावायचा नाही," मास्तर म्हणाला. "ही कमाल आहे."

"चूक आहे रे ती."

"मग चुकत राहा."

त्यानं पुन्हा वाजवून पाहिलंच, तरी तेच झालं. थकवा असेल, असं म्हणून त्यानं विषय सोडला. अल्बम बाहेर आला आणि कुत्र्यानंही त्याला विचारलं नाही. तिघं मुकाट्यानं आपापल्या कामाला लागले.

मग एकदा रस्त्यानं चालताना बायको म्हणाली, तुमचा डावा हात चालताना हलत नाही, नुसता लोंबतो. कवळीवाल्यानं ते हसण्यावारी नेलं. ती काही त्याला सोडणारी नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी त्याला बोटं उघडमीट करायला लावली, खोलीतून चालवलं, मनगट वाकवून पाहिलं आणि कंपवात असल्याचं सांगितलं. हात थरथरत तर नाही, असं कवळीवाला म्हणाला. थरथर सगळ्यांना आधी येत नाही, काहींचा हात आधी मंद होतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आजार जाणार नव्हता, पण गोळ्यांनी हात पुष्कळ चालणार होता. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. घरी येताना बायकोनं गोळ्यांसाठी एक डबी घेतली.

गोळ्या लागू पडल्या. हात सुटला, दात पुन्हा मेणात नीट उभे राहू लागले. एका दुपारी गंमत म्हणून त्यानं 'कच्चा साचा' लावला आणि त्याबरोबर वाजवायला बसला. पहिली दोन गाणी एकजीव झाली. तिसऱ्यात रेकॉर्डवरचा डावा हात मागे राहिला आणि त्याचा स्वतःचा पुढे निघून गेला. तो तसाच काठ्या हातात धरून बसला. कमाल नव्हती आणि थकवाही नव्हता. आजार त्या तळघरात त्यांच्याबरोबर वाजवायला बसला होता, आणि कुणी त्याला ओळखलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच लोकांनी तो अल्बम डोक्यावर घेतला. संगीतावर बडबड करणाऱ्या कुणीतरी तो कुठूनसा उकरून काढला आणि त्यावर लांबलचक बोलला. मग वणवाच लागला. लोक तो पुन्हा पुन्हा ऐकायला लागले. चाकाची किंचाळी कुठल्या यंत्राची यावर पैजा लागल्या. पण खरं वेड लावलं ते डाव्या हातानं. श्रोत्यांनी त्याचं बारसंही करून टाकलं, 'अडखळ'. अडखळ कशी वाजवायची हे शिकवणारे व्हिडिओ आले. चांगली धडधाकट पोरं तासन्‌तास बसून उशीर करायला शिकत होती. एकजण शपथेवर सांगत होता, की ड्रमवाल्याच्या दोन कानांत दोन वेगळे ताल लावलेले असतात. दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं आणि स्वतःचं त्याहून वेडगळ गणित मांडलं. विद्वत्तेला ऊत आला होता.

ते वाचून कवळीवाल्याची हसून पुरेवाट व्हायची, पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. एका बाईनं लिहिलं होतं, की नवरा गेल्यावर तिला घरातला कुठलाच आवाज सहन होत नव्हता, फक्त हे चालायचं. तो ठोका उशिरा येतो, पण येतो, आणि तो येईपर्यंत मी श्वास धरून असते, असं तिनं लिहिलं होतं. हे त्यानं किती वेळा वाचलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. त्याच्या हातचे दात घालून माणसं लग्नकार्यात मिरवली होती, पण त्याला उद्देशून कुणी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. त्याला आभाळ ठेंगणं झालं, आणि त्याच वेळी त्यानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

कार्यक्रमाचं बोलावणं आलं. एका जुन्या गोदामाचं सभागृह केलं होतं, तिथं अख्खा अल्बम वाजवायचा होता. तालमी सुरू झाल्या आणि तिसऱ्या गाण्यात डावा हात घड्याळासारखा पडला. मास्तरनं गिटार थांबवली. अडखळ कुठंय, त्यानं विचारलं. कवळीवाल्यानं मुद्दाम उशीर करून पाहिला. मुद्दाम केलेला उशीर कानाला लगेच कळतो. ती लंगड्याची नक्कल झाली. वायरमनसुद्धा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला की हे काही खरं वाटत नाही.

इथंच त्यानं सांगून टाकायला हवं होतं. पण तो विचार करत राहिला, की सांगितलं तर मास्तर कार्यक्रम रद्द करणार, आणि लोकांना कळलं तर तेच लोक तेच गाणं कणव म्हणून ऐकणार. ती बाई श्वास धरणार नाही, च्च च्च करणार. ते त्याला नको होतं. म्हणून पुढच्या तालमीच्या दिवशी त्यानं गोळ्या टाळल्या. डावा हात आपोआप मागे राहिला. मास्तरनं त्याला मिठी मारली.

मग ती चटकच लागली. तालीम नसली तरी हात 'राखून ठेवायला' तो अधूनमधून गोळी चुकवायला लागला. अशाच एका दिवशी तयार कवळी चाकावर घासताना त्याच्या डाव्या हातातून सुटली, भिंतीवर आदळली आणि तिचे दोन तुकडे झाले. जिच्यासाठी ती होती त्या म्हातारीला पुन्हा पातळ खाण्यावर दिवस काढावे लागले. मालकानं नुसते तुकडे गोळा केले. बोलला असता तर बरं झालं असतं.

बायकोनं धुवायला घेतलेल्या एप्रनच्या खिशात मेणाच्या कागदात गुंडाळलेल्या गोळ्या सापडल्या. तिनं त्या त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. विसरलो असेन, तो म्हणाला.

"विसरलेली गोळी डबीत राहते," ती म्हणाली. "खिशात जात नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या बाईनं लिहिलेलंही वाचून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला ऐकताहेत, त्यांना माझा हात आवडतो, असं तो म्हणाला.

"त्यांना तुमचा आजार आवडतो. त्यांना माहीत नाही, म्हणून त्यांचं काही चुकलं नाही. तुम्हाला माहीत आहे."

एवढं बोलून ती यंत्रावर जाऊन बसली. त्या संध्याकाळी तिची शिवण वाकडी गेली आणि तिनं ती सगळी उसवली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. कार्यक्रमाला निघताना फक्त गोळ्यांची डबी त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वर हात ठेवून खिसा दाबला.

त्या दिवशी सकाळपासून त्यानं गोळी घेतली नव्हती. गोदाम खच्चून भरलं होतं. मंचाला चार लाकडी पायऱ्या होत्या, आणि पहिलीशी आल्यावर त्याचा डावा पाय उचलेना. मन उचल म्हणत होतं, पण पाय जमिनीला चिकटला होता. तिथं उभी असलेली एक मुलगी पुढे झाली आणि काका, हात देऊ का, म्हणाली. तिच्या टी-शर्टवर 'अडखळ' असं छापलेलं होतं. कवळीवाला घाबरला. हाताचं दुखणं त्यानं ड्रमपुरतंच धरलं होतं. ते पायापर्यंत आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं डबी काढली, गोळी तोंडात टाकली आणि त्या मुलीच्या बाटलीतलं पाणी पिऊन ती गिळली. मग तिचा हात धरून तो वर चढला.

गोळीला चढायला वेळ लागतो. पहिल्या दोन गाण्यांत, जिथं रेकॉर्डवर हात सरळ होता तिथंच, हात मागे राहिला, आणि लोक खूश होऊन ओरडले. बायको दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती. तिसरं गाणं सुरू झालं तोवर गोळी अंगात उतरली. हात मोकळा झाला आणि प्रत्येक ठोका जागच्या जागी पडू लागला.

सभागृहात चुळबुळ झाली. मास्तरनं गाता गाता मागे वळून पाहिलं. कवळीवाल्याला घाम फुटला. नक्कल करायची नाही एवढं त्यानं ठरवलं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाजूनं कुणीतरी टाळी वाजवली, जिथं अडखळ यायला हवी होती तिथं. पुढच्या वेळी दहा-वीस टाळ्या आल्या. मग अख्खं गोदाम टाळ्या वाजवायला लागलं, त्याच्या सरळ ठोक्याच्या मागून, नेमकं तेवढंच मागून. त्यांना ते पाठ होतं. त्यानं डाव्या हातातली काठी खाली ठेवली आणि हात गुडघ्यावर ठेवला. हात शांत होता. समोर शेकडो निरोगी हात त्याचा आजार वाजवत होते, हसत, घामेजून, एकमेकांकडे बघत. त्याला रडू आलं, रागही आला, आणि खोटं कशाला सांगायचं, ते त्याला सुंदरही वाटलं. दुसऱ्या रांगेत एकटी त्याची बायको टाळ्या वाजवत नव्हती. तिनं दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते.

कार्यक्रम संपला. मंचामागच्या खोलीत मास्तर हर्षानं वेडा झाला होता. काठी खाली ठेवायचं तुला कसं सुचलं, लोकांनाच वाजवायला लावलंस, आता दर कार्यक्रमाला हेच करायचं, असं तो बोलतच सुटला. वायरमन तारा गुंडाळत होता.

"मला कंपवात आहे," कवळीवाला म्हणाला.

मास्तर थांबला. वायरमनच्या हातातली तार तशीच राहिली.

"कधीपासून?" मास्तरनं विचारलं.

"अल्बम लावून बघ. तिसऱ्या गाण्यापासून."

मास्तर खुर्चीत बसला आणि त्यानं तोंडावर हात धरला. बाहेर लोक पुन्हा बोलावत होते, त्याच चालीत टाळ्या वाजवत, किंचित उशिरा.