दोघींचं वय एकच

इंदूरजवळच्या आमच्या शहरात, फ्रीगंज भागातल्या ज्या हिंदी शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवते, तिथे त्या वर्षी शनिवारचा शेवटचा तास मला मोकळा मिळाला होता. अभ्यासक्रमाबाहेरचं काहीही शिकवा, असं प्राचार्यांनी जरा नाखुशीनेच सांगितलं होतं. मी नववीला सापेक्षता शिकवायला घेतली. इंदूरच्या गाडीत बसलेल्या माणसाने टॉर्च लावला तर त्याचा प्रकाश गाडीतल्याला आणि फलाटावरच्याला एकाच वेगाने जाताना दिसतो, इथपर्यंत मुलं आली. मग वेळच कमीजास्त होतो, हे सांगायला मी जुळ्यांचं उदाहरण घेतलं. एक बहीण पृथ्वीवर राहते, दुसरी प्रचंड वेगाने रॉकेटमधून फिरून येते. परत येते तेव्हा ती धाकटी झालेली असते.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मैडम, इसकी जुड़वाँ आठवीं में है. वो रॉकेट में गई थी."

वर्ग हसला. तो जिच्याबद्दल बोलला ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसली होती. ती पेनाचं टोपण घालत-काढत राहिली. तास संपल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं. बहीण आजारी होती, वर्ष बुडालं, एवढंच तिने सांगितलं. तिच्यासमोर हे बोलू नका, असंही म्हणाली.

पण बोलणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. सोमवारी ‘रॉकेट’ हे नाव खालच्या मजल्यावर, आठवीत पोचलं. ती आजारातून उठलेली बहीण आली की पोरं भिंतीला चिकटून तिला वाट करून द्यायची आणि तोंडाने रॉकेटचा आवाज काढायची. दोन-तीन दिवसांत तिने शाळेत येणं बंद केलं.

मग तिची आई आली. प्राचार्यांच्या खोलीत मला बोलावलं गेलं. बाई मराठी होत्या, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मणक्याच्या टीबीने माझी पोरगी महिनोन्‌महिने पाठीवर पडून होती," त्या म्हणाल्या. "ती उठली, चालायला लागली, बहिणीच्या मागच्या वर्गात बसायला तयार झाली. आता दप्तराला हात लावत नाही."

प्राचार्यांनी शनिवारचा तास तिथल्या तिथे बंद केला. मी वाद घातला नाही. घरी येऊ का, एवढंच बाईंना विचारलं. या, पण ती बोलेलच असं नाही, म्हणाल्या.

नानाखेड्याला त्यांचं घर होतं. मुलगी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती, कमरेला अजून पट्टा होता. नववीतली बहीण दारात उभी राहिली. मुलं अशीच असतात, चार दिवसांत विसरतील, असं काहीबाही मी बोलत होते. ती वळलीसुद्धा नाही. चहावर साय धरली.

मग भिंतीकडे बघतच तिने विचारलं, "रॉकेटमधली परत येते तेव्हा तिचं वय खरंच कमी असतं?"

"हो."

"शरीराचंही?"

"सगळंच. तिच्यापुरता वेळच कमी गेलेला असतो."

"आणि तिकडे असताना तिला वेळ हळू चाललाय असं वाटतं?"

"नाही. तिला काहीच वेगळं वाटत नाही."

ती वळली. "मग ती मी नाही. मला एकेक दुपार संपायची नाही, आणि वेळ माझाही हिच्याएवढाच गेला. वर्ग मागे राहिला, मी नाही. त्या पोरांना चुकीचं कळलंय."

ती रडत नव्हती. कुणी सोपं गणित चुकवावं, तशी वैतागली होती. समजूत घालायला मी आले होते, पण तिच्या म्हणण्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. हे नववीच्या वर्गात येऊन सांगशील का, असं मी विचारलं. आई लगेच नको म्हणाली. बहीणही म्हणाली, ते पुन्हा हसतील. तिने स्वतः मात्र बहिणीची भौतिकशास्त्राची वही मागून घेतली.

एका शनिवारापुरता तास मी प्राचार्यांकडून मागून घेतला. ती रडली तर जबाबदारी तुमची, असं सांगून ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. घंटा झाली तरी तिचा पत्ता नव्हता. मी हजेरी लांबवली. मग ती दारात दिसली, बहिणीच्या मागे.

तिने फळ्यावर दोघींच्या वेळेच्या दोन रेघा काढल्या आणि तशीच उभी राहिली. मधे पडावं की नाही, मला ठरवता येईना. बहीण बाकावर मान खाली घालून बसली होती, एकदाही वर बघेना. शेवटी फळ्यापाशी उभी असलेली ती हिंदीत बोलायला लागली, अडखळत, दोनदा चुकून, पुसून. त्याच मागच्या मुलाने विचारलं, "तो तुम्हारी घड़ी कम नहीं चली?"

"नहीं," ती म्हणाली. "पूरी चली."

कुणी हसलं नाही. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच का, असं एका मुलीने विचारलं, तेव्हा ते मला येत नाही, मॅडमना विचारा, म्हणून ती खाली बसली.

ते नाव काही लगेच पुसलं गेलं नाही. आठवीत दोघंतिघं परीक्षेपर्यंत चिडवत राहिले. पण ती रोज येऊ लागली. शनिवारचा तास मला परत मिळाला नाही. नववीतली मात्र बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची. बहिणीला तुम्ही संकटात टाकलंत, असंच तिला वाटत असणार, हे मी धरून चालले होते. एकदा प्रयोगशाळेत भिंगं पुसताना ती आपणहून म्हणाली, "मॅडम, ती फळ्यापाशी गप्प झाली ना, तेव्हा मला उठून जायचं होतं. पण तिने घरूनच बजावलं होतं, माझ्याकडे बघितलंस तर बघ."

मग तिने पुढचं भिंग उचललं.