आंबागडच्या बांधीत रुतलेली गाडी

परवा एका गॅरेजसमोर गियर ऑइलचा वास आला आणि मी पुन्हा आंबागडच्या धानाच्या बांधीत, त्या भातखाचरात, गाडीखाली चिखलात उताणा पडलो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तुमसरात मी मेकॅनिक होतो. आंबागडच्या एका जमीनमालकाची फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप माझ्याकडे आली. गियरपेटीतला, पुढचा एक्सल जोडणारा काटा तडकला होता; तो तुटला की पुढची चाकं ओढत नाहीत आणि गाडी चिखलात अडकते. त्याच्या शेतात शेवंताबाईने बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, पिकवलेलं सगळंच धान, तिचा वाटाही, मालक त्या गाडीने उचलून नेणार, हे मला ठाऊक होतं. मी नवा काटा टाकलाच नाही. तडकलेलाच पुसून बसवला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओल्या बांधीत रुतली. मला बोलावणं आलं. मी गाडीखाली शिरलो; तिथून फक्त लोकांचे पाय दिसत होते. शिरण्याआधीच मी पाहिलं होतं, शेवंताबाई आणि तिच्या सोबतिणी तिच्या वाट्याच्या धानाचे भारे डोक्यावर घेऊन घराकडे निघाल्या होत्या.

"काहून रे, कालच तं दुरुस्त केली ना?" मालकाने विचारलं.

"डायवरनं लिव्हर जोरानं खेचला. काटा तुटला," मी म्हणालो.

"काहून खोटं बोलून राहिला गा? हळूच टाकला मी," सदाभाऊ डायवर म्हणाला.

"तू बैलबंडीच हाक," म्हणत मालकाने त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. मी गाडीखालून बाहेरच आलो नाही.

सदाभाऊ आता नाही. त्याच्या घरच्यांनो, तो चांगला डायवर होता; भीतीपोटी खोटं मी बोललो. त्यासाठी मला काय बोलायचं ते बोला, मान खाली घालून ऐकेन. पण तडकलेला काटा मी जाणूनबुजून बसवला होता, आणि आजही तोच बसवीन.