उकंडरावांची दवंडी

मंजुळाबाईच्या तोंडाला लागू नये, हे मोताळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिच्या घरमालकाला, उकंडरावांना.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. उकंडरावांनी घर विकायला काढलं आणि मनाला येईल तेव्हा गिऱ्हाईक घेऊन आत शिरू लागले. मंजुळाबाई एकटी, चौदा वर्षं त्या घरात शेवया करून पोट भरणारी. घर गेलं तर शेवया वाळवायचं अंगण जाणार, अंगण गेलं की पोटावरच पाय. ही धास्ती ती कोणाला दाखवत नव्हती. पण एकदा ती न्हात होती आणि उकंडराव दोन माणसं घेऊन अंगणात उभे! बाई ओल्या केसांनी बाहेर आली, गल्ली दणाणली.

"घर तुमचं हाय, मालूम हाय मले. पण राह्यते मी! आदल्या दिवशी सांगाले तोंड दुखते काय?"

उकंडरावांना हे झोंबलं. त्यांनी आठवडी बाजारात दवंडीच पिटवली. "उद्या सकाळी उकंडरावचं घर पाह्याले मिळन हो! मंजुळाबाईले आदल्या दिवशी सांगतलं हो!"

आता बाईची जिरेल, असं त्यांना वाटलं. जिरते कसली! दिवस मावळायच्या आत तिनं घर सारवून घेतलं आणि सकाळी शेवयांच्या खिरीचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. अर्धा बाजार लोटला. घर कोण पाहतो? मी शेजारचाच, मीही दोन वाट्या चापल्या, खोटं कशाला सांगू.

खरं गिऱ्हाईक एकच निघालं, वाहेदभाई पिंजारी. गाद्या भरायला त्यांना रस्त्याकडची ओसरी हवी होती. ते सगळं घर फिरले, सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवला.

"मले ओसरी पुरते, बाई. मांगचं घर बंद ठेवलं तं उंदरं माजतीन. तुम्ही राहा, भाडं हाय तेच."

मंजुळाबाईनं खिरीची वाटी काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिली. ते पाहून माझेच डोळे भरून आले. फार आनंद झाला मला.

खरेदीखत झालं. दुसऱ्या दिवशी उकंडराव आले ते दाराबाहेरच थांबले. खाकरले, वहाणा काढल्या, पुन्हा घातल्या.

"मंजुळाबाई, येऊ काय?"

"अवो, या ना!" बाई आतून हसत ओरडली. "आता काय, घर तुमचं थोडंच हाय? आता तं याच!"