चिंधी बांधलेला भोपळा

आमच्या वर्गातला एक श्रीमंत मुलगा सहा महिन्यांसाठी विलायतेला गेला आणि मी कारंज्याला. शेतकीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी एक सत्र परमुलखातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहून काढावं लागे. माझ्या वाट्याला वऱ्हाड आलं. पुण्याबाहेर चार दिवससुद्धा न राहिलेल्या मला ते विलायतेइतकंच लांब होतं. फरक एवढाच, की विलायतेहून परत आलेल्याचं कौतुक होतं.

मूर्तिजापूरला गाडी बदलली आणि छोट्या गाडीच्या बाकावर हाडं खिळखिळी करून घेत कारंज्याला उतरलो. गावाबाहेर एका माळ्याचा मळा होता, तिथे माझी सोय केलेली होती. मुली लग्न होऊन गेलेल्या. घरात नवरा-बायको दोघंच. मी त्यांना मामा आणि मामी म्हणू लागलो. माणसं फार चांगली होती, पण चांगल्या माणसांत राहूनही जीव रमत नाही तो नाहीच. सकाळपासून मोटेची कुरकुर ऐकून डोकं उठे. मी बांधावरून इकडून तिकडे येरझाऱ्या घाली, आलेली पत्रं पुन्हा पुन्हा वाची, टपाल नसलं तरी टपालकचेरीत डोकावून येई. जेवतानासुद्धा मी दोनदा उठे.

"तुह्या पायाले भिंगरी हाय काय, बाबू?" मामी विचारी. "बस ना जरा. काहून पळून राह्यला?"

प्रोफेसरांनी एक वही दिली होती. शेतकऱ्यांच्या खुळ्या समजुती तिच्यात टिपून आणायच्या होत्या. ते काम मात्र मी मन लावून करत होतो, कारण त्यात मी शहाणा ठरत होतो. विहिरीजवळच्या खोपीवर दुधी भोपळ्याचा वेल चढवलेला होता. पातळ सालीचा, गोड भोपळा; बाजारात बायका तोच मागत. माघ लागला तसे सगळे भोपळे विकून झाले, एकच उरला. त्याच्या देठाला काळी चिंधी बांधलेली होती. दृष्ट लागू नये म्हणून बांधली असणार, हे मी बघताक्षणी ठरवलं आणि वहीत लिहूनही टाकलं. एका शब्दाने विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण विचारायचं ते अडाण्यांनी, अशी माझी तेव्हाची समजूत होती. ती वहीत टिपायची राहिली.

एका बाजाराच्या दिवशी मामांचे गुडघे धरले, म्हणून भाजी घेऊन मी गेलो. जाताना चिंधी सोडून फेकली, भोपळा विळ्याने कापला आणि मेथीच्या जुड्यांखाली टोपलीत ठेवला. पहिल्याच गिऱ्हाइकाने तो उचलला. मी खुशीत परतलो आणि रात्री जेवताना विजयाने जाहीर केलं, "मामा, चिंधी काढली, भोपळा विकला. झालं का काही?"

मामांचा घास हातातच राहिला.

"थे फळ बियाचं होतं, बाबू," मामी म्हणाली. एवढंच. पुढे तिने मला भाकरी वाढली.

सकाळी जाऊन पाहिलं तर वेल बुडापासून पिवळा पडलेला, एकही कळी नाही. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, पुण्याहून बियाण्याचं पाकीट मागवतो. तेव्हा मामांनी मला विहिरीपाशी बसवून सगळं सांगितलं. ते बी मामीने लग्नात माहेराहून, आसेगावहून, पदराला बांधून आणलं होतं. आता ते फक्त तिच्या भावाकडे होतं. आणि आठ वर्षांपूर्वी बापाच्या तेराव्याला त्याच भावाने भरल्या पंगतीत मामांना भिकारी म्हटलं होतं. मामी ताटावरून उठली होती. "तुह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवीन तं बापाची लेक नाई," असं सगळ्या गावादेखत बोलून ती निघून आली होती.

त्या दिवशी मी वळकटी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. पळून जावंसं वाटत होतं आणि जाववतही नव्हतं. मामी नेहमीसारखी खुरपत होती. तिसऱ्या सकाळी तिने धुतलेलं लुगडं नेसलं.

"नको जाऊ," मामा म्हणाले. "दुसरं बी लावू."

"दुसरं बी दुसऱ्याचं. हे माह्या मायचं हाय."

मामांना तर तिथे जाणं शक्यच नव्हतं. सोबतीला मी निघालो. मंगरुळपर्यंत मोटार, पुढे एका ओळखीच्या माणसाची बैलगाडी. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होतो : चूक माझी आहे, यांचा काही दोष नाही, हवं तर मला बोला. दहा वेळा घोकली.

भाऊ ओसरीवर बाजेवर बसला होता. माझ्यासाठी त्याने सुनेकडून सतरंजी टाकून घेतली. मामी अंगणातच उभी राहिली.

"कायले आली व?"

"भोपळ्याचं बी पायजे, दादा."

"तुह्याकडचं कुठी गेलं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी तीच बोलली, "माह्याच हातानं तोडलं. ध्यान राह्यलं नाई."

भाऊ मोठ्याने हसला. दारात जमलेल्या सुनांना म्हणाला, "पाहा व, माळ्याची पोर अन् बियाचं फळ तोडते!" सुना पदर तोंडाला लावून हसल्या. मामीचा चेहरा लाल झाला. घोकलेली वाक्यं माझ्या जिभेवर होती. मग तो माझ्याकडे वळला आणि अदबीने म्हणाला, "तुमी शिकेल माणूस, साहेब. तुमीच सांगा, बियाचं फळ कोणी तोडते काय?"

"नाही," मी म्हणालो. "कोणी तोडत नाही."

त्याने सुनेला बी आणायला सांगितलं. मामी पायऱ्या चढली, तिने उंबऱ्याच्या आत पाय ठेवला आणि पदर पसरला.