एकसष्ट अंकांचा पंचनामा

ती केस मी आजवर कुणाला सांगितली नाही. विसरलो म्हणून नव्हे, सगळं लख्ख आठवतं म्हणून.

डोंबिवलीच्या एका ठाण्यात मी तपास अधिकारी होतो. बँकेच्या नावाने फोन करून लोकांना लुबाडणारी टोळी आम्ही धरली होती. त्यातल्या संगणक चालवणाऱ्या आरोपीचा लॅपटॉप काही उघडेना. खबऱ्या म्हणाला, "साहेब, याचे जुने गणिताचे मास्तर मानपाड्यात राहतात. ते याला लांबलचक नंबर लिहून देतात. चावी तीच."

झडतीत मास्तरांची वही सापडली. एका पानावर एकसष्ट अंकी संख्या, खाली दोन रेघा. मास्तर साठीचे, एकटे, शिकवण्यांवर जगणारे.

"मूळ संख्या आहे साहेब. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेही भाग जात नाही. मी शोधतो, तो संगणकावर तपासून सांगतो. छंद आहे आमचा."

"छंद लोकांना दुसरे असतात," मी म्हणालो आणि अटक केली.

पंचनामा हवालदाराने नेहमीप्रमाणे मराठी आकड्यांत लिहिला. वही सील होऊन मुद्देमालात गेली. पंचनाम्यातली संख्या मी कल्याणच्या एका प्राध्यापकांना फोनवर वाचून दाखवली. "नुसती अंकांची बेरीज करा," ते म्हणाले. "तीनने भाग जातो. मूळ कसली?"

मी मास्तरांपुढे पंचनामा टाकला. "फुटली तुमची संख्या."

ओठ हलवत त्यांनी बेरीज केली. "ही माझी नव्हे. तीनने जाणारी संख्या मी वहीत ठेवतच नाही. मूळ कागद काढा."

"सील आहे त्याला."

"मग फोडा. मी कुठे पळून जातोय?"

हवालदार हसला. मी जबाबात लिहिलं: आरोपी स्वतःच्या वहीतला मजकूर नाकारतो.

दुपारी, सील करण्याआधी काढून ठेवलेली वहीची झेरॉक्स घेऊन एकेक अंक पडताळला. सदतिसाव्या जागी इंग्रजी नऊ होता. तो मराठी एकासारखा दिसतो. हवालदाराने लिहिण्याच्या ओघात एक करून टाकला होता.

"एका आकड्याने काय होतंय साहेब?" तो म्हणाला.

दुरुस्तीला दोन्ही पंचांच्या सह्या लागल्या असत्या. त्यातला एक नाक्यावरचा पानवाला, न वाचता सही केलेला. वकिलाने अख्खी झडती उधळली असती. दुसऱ्या दिवशी कोर्टात मी सांगितलं, आरोपी दिशाभूल करतोय. कोठडी वाढली.

पुढे लॅपटॉप उघडला. पासवर्ड त्या संगणकवाल्याच्या बायकोचं नाव होतं. सील फोडल्यावर आकड्याची चूकही बाहेर आली आणि मास्तर सुटले, पण तोवर महिना गेला होता. शिकवणीची मुलं परत आली नाहीत. सोसायटीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "उगाच कोणी उचलून नेत नाही साहेब." आमच्यावर एवढा विश्वास.

वही परत द्यायला मी वर्तकनगरला गेलो. मास्तर बहिणीकडे राहायला आले होते. पावतीवर सही करताना ते थांबले.

"चूक तुम्हाला कधी कळली? कोठडी वाढवून मागायच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"मग ठीक. चूक कुणाचीही होते." त्यांनी बहिणीला चहा टाकायला सांगितला. मी तो प्यायलो.

खोटं बोलणारा नजर चुकवतो, असं मी नव्या पोरांना शिकवत असे. मी नजर चुकवली नव्हती. आपला कागद वाचवायला आपण माणूस खर्ची घालू शकतो, हे मला त्या केसने शिकवलं. निवृत्तीच्या भाषणात ते सांगायचं राहिलं.

मास्तर अजून तिथेच राहतात, असं कळतं. सर, आधी कळली होती.