पडद्याच्या अलीकडं ऐकलेली विनवणी

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शांताला, म्हणजे माझ्या बायकोला, अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं माझ्यापाशीच होतं.

मी चौथी नापास. पण भजनातल्या शब्दाचा अर्थ अडला की आमच्या गल्लीत मलाच विचारतात — आणि का विचारू नये? परवा भजन संपल्यावर शेजारची तेलुगू घरातली सून म्हणाली, "तात्या, विनवणे म्हणजे मागणेच की?" म्हटलं, न्हाय पोरी. मागणारा ताठ उभा राहूनही मागतो. विनवणारा आधी स्वतःला खाली ठेवतो, मग तोंड उघडतो. पदांत बघ — भक्त देवाला विनवतो, गवळण कृष्णाला विनवते. जिथं हुकूम चालत नाही, हक्क सांगता येत नाही, तिथं हा शब्द येतो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अर्थ बरोबरच होता. तो मला कुठं मिळाला — ते सांगायचंय.

आईच्या तेराव्याचं जेवण माझ्या धाकट्या भावानं, शिवानं, मला न विचारता ठरवलं. एवढंच. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढं त्याच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्यात थोरल्याच्या हातात अक्षत दिल्याशिवाय निमंत्रण पोचलं असं धरत नाहीत. बार्शीहून तो अक्षत घेऊन आला. मी आतल्या खोलीत खाटेवर बसलो आणि शांताला पुढं केलं.

"त्ये अक्कलकोटला गेल्यात, भावजी."

"चपला हितंच ठिवून व्हय, वयनी?"

तो हसला. मग तिच्याशी नाही — दारावरच्या पडद्याशी बोलायला लागला. "दादा, चुकलो. मांडवात चार शिव्या घाल, पर ये. बा न्हाय, आई न्हाय. पोरीच्या डोक्यावर हात कुणाचा?"

भाऊ रडत होता. आणि मी? राग तर कधीच गेला होता. मग का उठलो नाही? कारण — ते ऐकायला गोड लागत होतं. अजून बोलू दे, अजून थोडं, असं वाटत होतं. हे शांतालाही माहीत नाही.

तो अक्षत उंबऱ्यावर ठेवून गेला. मी लग्नाला गेलो नाही. शिवा पुन्हा आला नाही, आणि आता तो या जगात नाही.

पदांतला देव विनवणी ऐकून धावत येतो. मी खाटेवरचा पायसुद्धा खाली सोडला नाही.

"इतका नेमका अर्थ कुठं शिकलात, तात्या?" परवा त्या सुनेनं शेवटी विचारलं. मी म्हणालो, भजनात.

खोटं बोललो.